लोकलच्या गर्दीतला अभ्यास

नोकरी सांभाळून इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, शिकताय? मग अख्खं पुस्तक मोबाइलवर वाचायचा हट्ट धरू नका. डोळे शिणतात आणि डोक्यात काही उरत नाही. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोश या त्यांच्याच ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर घटकवार मोफत मिळतात. रात्री वायफायवर एकच घटक उतरवून घ्या, वाचा, आणि त्याचा सारांश स्वतःच्या आवाजात पाच मिनिटांत रेकॉर्ड करा. सकाळी डब्यात एक हात कडीला, दुसऱ्यात बॅग, अशा वेळी कानच काय ते मोकळे असतात; तेव्हा ते रेकॉर्डिंग ऐका. शिवाय रेंज गेली तरी ऐकणं थांबत नाही. आपलेच शब्द असल्याने ते पक्कं बसतं, हा माझा अनुभव. घटकाखालचे प्रश्न मात्र वहीत पेनानेच सोडवा. लेखी परीक्षेत सवय मोडलेला हात तासाभरातच भरून येतो.