नाशिकच्या द्राक्षबागांमधून सायकलवर: ठाणेकरांनो, या चुका टाळा

ठाण्याहून नाशिक दीडशे किलोमीटरच्या आत आहे. हिवाळ्यातल्या सकाळी तिथल्या द्राक्षबागांमधल्या रस्त्यांवर सायकल चालवणं म्हणजे निव्वळ सुख. गाइड नाही, बस नाही, आपला रस्ता आपणच ठरवायचा. फ्रान्समध्ये आल्सासचा वाइन रोड १९५३ पासून आहे, सुमारे १७० किलोमीटरचा. तिथे खुणा केलेल्या वाटा आहेत, तुमची बॅग पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या कंपन्या आहेत. नाशिकला बागा आहेत, वायनऱ्या आहेत, राहायच्या जागाही चांगल्या आहेत, पण अशी आयती व्यवस्था नाही. ती घरून करूनच निघावं लागतं, आणि बहुतेक सहली तिथेच फसतात.

दारातून सायकलवर निघण्याचा हट्ट

माजिवड्याहून पहाटे निघायचं, शहापूर, कसारा घाट करत संध्याकाळी नाशिक गाठायचं, असा बेत अनेक ग्रुप करतात. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर, घाटात मागून येणारे ट्रक आणि महामार्गाची धूळ यांतच दिवस संपतो. दुसऱ्या दिवशी बागांत फिरायचं तर पाय उचलत नाहीत. घाट चढायची हौस असेल तर त्याची सहल वेगळी करा, द्राक्षांची वेगळी.

नकाशावर कारचा रस्ता लावून निघू नका. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि ॲप आता तिकडेच बोट दाखवतं. समृद्धीवर सायकल आणि दुचाकीला बंदी आहे. आमण्यापर्यंत जाऊन मागे फिरायचं म्हणजे सकाळचा थंड वेळ वाया.

रेल्वे उत्तम, पण वेळा नीट बघा. पंचवटी एक्सप्रेस सकाळी मुंबईकडे येते आणि संध्याकाळी नाशिककडे जाते. म्हणजे शनिवारी सकाळी जायला तिचा उपयोग नाही. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून थेट ठाणे स्टेशन गाठलंत तर शनिवारची अख्खी सकाळ हाती लागते. सायकल बरोबर न्यायची असेल तर पार्सल ऑफिसात आधी चौकशी करा. ठाण्याला गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते, तेवढ्यात सायकल सामानाच्या डब्यात, म्हणजे ब्रेक व्हॅनमध्ये, चढेलच असं धरून चालू नका. ती मागाहून दुसऱ्या गाडीने आली तर शनिवार गेलाच. मला विचाराल तर सायकली एका मित्राच्या गाडीवर कॅरियर लावून पाठवाव्यात, नाहीतर तिथेच भाड्याने घ्याव्यात. भाड्याची असेल तर फोनवर साइझ विचारा, गिअर आणि ब्रेकबद्दल विचारा, फोटो मागवा. आणखी एक, नाशिकरोड स्टेशनपासून गंगापूर धरणाकडच्या वायनऱ्या शहराच्या दुसऱ्या टोकाला आहेत, वीसेक किलोमीटर. रात्री उतरून ते अंतर सायकलवर कापू नका.

पामबीचचा सराव

पामबीच रोडवर चाळीस किलोमीटर सहज होतात म्हणून नाशिकलाही होतील असं नाही. धरणाच्या अंगाने जाणारे रस्ते सारखे वरखाली होतात. महिनाभर आधी येऊर किंवा खारघरच्या चढावर जा. तेवढं पुरे.

चुकीचा महिना

द्राक्षं बघायला डिसेंबरच्या सुरुवातीला गेलेल्यांना बहुधा हिरवे, कडक मणी बघून परतावं लागतं. नाशिकची छाटणी दोनदा होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरच्या आसपास, फळासाठीची गोडी छाटणी. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. एप्रिलमध्ये गेलात तर छाटलेल्या काड्या आणि मांडव दिसतील, वर ऊन असह्य. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हाच खरा हंगाम. पहाटे पारा दहाच्या खाली जातो, म्हणून विंडचीटर आणि हातमोजे हवेत. ठाण्याच्या हवेवर जाऊन कपडे भरू नका.

वाटेत दिसणाऱ्या बहुतेक बागा वाइनच्या नसतात, खायच्या द्राक्षांच्या असतात. निर्यातीच्या बागेत घडांना कागद गुंडाळलेले दिसतात. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची. दोन्हीकडे नियम एकच, घडाला हात लावायचा नाही. शेतकऱ्याचं वर्ष त्या घडात असतं, आणि त्यावर डावणी-भुरी या रोगांवरच्या औषधाची फवारणी झालेली असू शकते. फवारणीच्या ब्लोअरचा ट्रॅक्टर बागेत चालू दिसला तर वारा ज्या बाजूने येतो तिकडे थांबा, फवारा संपेपर्यंत पुढे जाऊ नका.

पायी फिरणाऱ्यांनी बांधावरून जाताना आधी विचारावं. "काका, इथून गेलं तर चालेल का?" एवढंच. ओळींमध्ये ठिबकच्या नळ्या जमिनीलगत असतात, त्यावर पाय पडला तर फुटतात. बहुतेक वेळा काका स्वतःच चार पावलं सोबत येतात आणि बाग दाखवतात.

टेस्टिंग आधी, सायकल नंतर

ही चूक जिवावर बेतू शकते. टेस्टिंगमध्ये एका वाइनचा घोट साधारण तीस मिलिलिटरचा. पाच-सहा प्रकार चाखले की पूर्ण ग्लास झाला, वाइनमध्ये बारा ते चौदा टक्के अल्कोहोल. उन्हात घाम गाळून आलेल्या, सकाळपासून पोह्यांवर असलेल्या माणसाला तेवढं भरपूर चढतं. त्यानंतर अरुंद रस्ता, वळणावर द्राक्षाच्या क्रेटनी भरलेला पिकअप आणि तोल जाणारी सायकल. सायकलला लायसन्स लागत नाही म्हणून हे चालतं, असं कुणीही समजू नये.

क्रम उलटा करा. उजाडल्यावर निघा, अकरापर्यंत सायकल आटपा, मुक्कामी अंघोळ-जेवण, पाच वाजता चालत वायनरीत. त्यासाठी मुक्काम वायनरीपासून चालण्याच्या अंतरावर हवा. हा एक निर्णय बरोबर घेतला की बाकी सहल आपोआप सरळ होते. जानेवारीत सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो, टॉर्च खिशात असू द्या.

दोन भाग एका दिवसात कोंबू नका. गंगापूर धरणाकडे सुला, यॉर्क, सोमा या वायनऱ्या आहेत. इगतपुरी तालुक्यात कावनई-संजेगावच्या परिसरात वॅलोन आणि ग्रोव्हर झाम्पा. चालणाऱ्यांनी दुसरा भाग निवडावा, कावनईचा किल्ला आणि मुकणे धरणाचं पाणी सोबतीला मिळतं. शनिवार-रविवारी टेस्टिंगचं बुकिंग आधी करा. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली की सगळे तिकडे धावतात, आणि नेमका तो ड्राय डे. महाराष्ट्रात वाइनसाठी वय एकवीस पूर्ण लागतं, कॉलेजातली मुलं सोबत असतील तर आधीच सांगून ठेवा.

सराटे आणि व्हॉल्व्ह

पावसाळा सरला की शिवाररस्त्यांवर सराट्यांचे काटे वाळून पडलेले असतात. पंक्चर होणारच, असं धरून चाला. चूक होते ती पुढे. घाईत नवी ट्यूब घालतात, शंभर मीटरवर तीही बसते, कारण काट्याचं टोक टायरमध्येच राहिलेलं असतं. टायर रिमवरून पूर्ण काढा, आतून जुन्या फडक्याने सावकाश पुसत जा. फडकं जिथे अडेल तिथे काटा. तो बाहेरून नखाने किंवा चिमट्याने काढा, मगच ट्यूब घाला.

रोड बाइकच्या ट्यूबला हवा भरायचा बहुधा बारीक, प्रेस्टा प्रकारचा व्हॉल्व्ह असतो. गावातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाचं तोंड त्याला बसत नाही. पितळेचा नखाएवढा अडॅप्टर मिळतो, तो पंक्चर किटमध्ये ठेवा. दोन जादा ट्यूब स्वतःच्या घ्या, त्या साइझच्या गावात मिळत नाहीत. मोठा बिघाड झाला तर टेम्पो करून नाशिक शहरात जा. २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत, पूर्ण करणारे महाजन डॉक्टर बंधू याच शहरातले. सायकलिंगची आवड तिथे मुरलेली आहे, जाणकार मेकॅनिक मिळतात.

बाटल्या मात्र शेवटच्या दिवशीच घ्या. भरलेली एक बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते आणि दुपारच्या उन्हात कॅरियरवर वाइन तापून बिघडते. गाडीने परतणाऱ्याकडे द्या, आणि डिकीत नको, आत सीटखाली सावलीत ठेवायला सांगा.