दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक मागवताय? या चुका टाळा

परवा आमच्या देवघेव विभागात एक चिठ्ठी आली : ‘मराठ्यांचा इतिहास, जोशी, 1850.’ बस्स, एवढंच. असं पुस्तक कुणाकडे मागायचं? चिठ्ठी देणाऱ्या मुलीला विचारलं, तर तिच्या मोबाइलवर शीर्षकपानाचा फोटो होता आणि त्यावर छापलं होतं ‘शके 1850’. म्हणजे इसवी सन 1928. शकात 78 मिळवायचे. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातलं प्रकाशन असेल तर 79. फोटोच जोडला असता तर तिचे आठ दिवस वाचले असते.

बहुतेक मागण्या पुस्तक नाही म्हणून परत येत नाहीत, कुठलं पुस्तक ते कळत नाही म्हणून येतात. लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, साल हे सगळं लिहा. जुन्या पुस्तकाला आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) नसतोच, तेव्हा तो रकाना रिकामा राहिला म्हणून घाबरू नका. खंड मात्र विसरू नका. ‘केतकरांचा ज्ञानकोश’ एवढंच लिहिलंत तर 23 पैकी कुठला पाठवायचा? (तो इंटरनेटवर आहे, आधी तिथे बघा.)

परदेशी ग्रंथालयांच्या सूचीत मराठी पुस्तक सापडत नाही, ही तक्रार तर रोजचीच. तिथे शीर्षकं रोमन लिपीत असतात, पण आपण मोबाइलवर टाइप करतो तशी नाही. ‘च’साठी नुसता ‘सी’, पुढे ‘एच’ नाही. शेवटचा अकारही लिहितात, म्हणून ‘इतिहास’च्या शेवटी जादा ‘ए’ येतो. ‘वाङ्मयाचा इतिहास’ हे ‘vanmayaca itihasa’ असं शोधून बघा, फरक लगेच कळेल.

मागणी करण्याआधी आपलंच ग्रंथालय धुंडाळा. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या सूचीत, नाही म्हणजे ग्रंथालयात नाही, असं धरून चालू नका. जुन्या मराठी पुस्तकांची नोंद कित्येक ठिकाणी अजून कार्डांवरच आहे. पीएचडीचा प्रबंध हवा असेल तर आधी शोधगंगा हे प्रबंधांचं संकेतस्थळ बघा. 2009च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनंतरचे बरेच प्रबंध तिथे पूर्ण वाचता येतात.

मासिकाचा अख्खा बांधीव खंड मागू नका, तो सहसा कुणी बाहेर पाठवत नाही. लेखाची झेरॉक्स किंवा स्कॅन मागा आणि पृष्ठांक द्या. दिवाळी अंकातला लेख असेल तर वर्षही हवं. संदर्भग्रंथ आणि दुर्मीळ पुस्तकं तिथे जाऊनच वाचावी लागतात. त्यासाठी आमच्याकडून ओळखीचं पत्र न्या.

आणखी एक. डेलनेटसारख्या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सभासदत्व संस्थेचं असतं, तुमचं नाही. त्यामुळे मागणी आमच्यामार्फतच जाते, थेट फोन करून उपयोग नाही.

पुस्तक आल्यावर मुदत त्यांची चालते, आमची नाही. वाढवून हवी असेल तर तीन-चार दिवस आधी सांगा, कारण आम्हालाही त्यांना विचारावं लागतं. आणि पुस्तक परत करताना ते नेहमीच्या परतीच्या पेटीत टाकू नका. एकदा असंच एक पाहुणं पुस्तक आमच्याच मांडणीत जाऊन बसलं. तीन आठवडे सगळे शोधत होते. शेवटी ते तिसऱ्या मजल्यावर, वर्गांकाप्रमाणे अगदी बरोबर जागी सापडलं.