'उपचार निरर्थक' हे मत कसे तपासावे

तीव्र अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसाच्या (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळण्याचा मानसिक आजार) रुग्णाबाबत 'आता उपचारांचा उपयोग नाही' असे मत पुढे आले, की आजवर कोणते उपचार किती काळ झाले याची नोंद प्रथम कागदावर मांडावी. प्रत्येक उपचार का थांबला हेही लिहावे, कारण खाट मिळाली नाही किंवा विम्याची मर्यादा संपली म्हणून खंडित झालेला उपचार निष्फळ ठरला असे म्हणता येत नाही. आजार जुना आहे एवढ्यावरूनही निष्कर्ष काढू नये. बॉस्टनमधील एका दीर्घ पाहणीत सुमारे ९ वर्षांनी ३१ टक्के रुग्ण बरे झाले होते, तर २२ वर्षांनी हेच प्रमाण सुमारे ६३ टक्क्यांवर गेले होते.

यानंतर रुग्णाची निर्णयक्षमता, म्हणजे उपचार घ्यायचे की नाकारायचे हे समजून ठरवण्याची क्षमता, तपासावी, आणि हाच सर्वांत अवघड भाग आहे. रुग्ण सुशिक्षित आहे, मुद्देसूद बोलते, मृत्यूचा धोका तिला ठाऊक आहे, एवढ्याने क्षमता सिद्ध होत नाही. वजन वाढण्याच्या भीतीपुढे तिला तो धोका तोलता येतो का, हे पाहावे लागते. शिवाय उपासमार स्वतःच मन बदलते. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात ३६ निरोगी पुरुषांना अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांच्यातही अन्नाचा ध्यास आणि खिन्नता दिसली होती. म्हणून ही तपासणी शक्यतो थोडे पोषण पोहोचल्यावर, एकाहून अधिक वेळा आणि तिच्यावर उपचार करत नसलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडून करून घ्यावी.

क्षमता नाही असे ठरले, तरी नळीवाटे सक्तीने अन्न द्यावेच असे नाही. इंग्लंडच्या न्यायालयाने २०१२ मध्ये अशा दोन स्त्रियांबाबत निर्णय दिले. एकीला इच्छेविरुद्ध अन्न देण्यास परवानगी मिळाली. दुसरीच्या बाबतीत सक्तीच जिवावर बेतेल म्हणून ती न करणे मान्य झाले.

२०२२ मध्ये अमेरिकेतील काही डॉक्टरांनी 'अंतिम अवस्थेतील अ‍ॅनोरेक्सिया' या संज्ञेसाठी किमान ३० वर्षे वय, पूर्वीचे दर्जेदार उपचार आणि रुग्णाचा सातत्याचा नकार असे निकष सुचवले, आणि त्यावर तीव्र टीका झाली. ही संज्ञा नोंदीत वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे: मृत्यू अटळ असल्याची शारीरिक खूण या निकषांत नाही, आणि हे भाकीत ऐकून रुग्णाने उरलेसुरले खाणेही सोडले, तर ते आपोआप खरे ठरते.

सक्ती थांबवायची ठरल्यास 'सध्या या उपचाराचा त्रास लाभाहून अधिक आहे' एवढेच लिहावे, वेदनाशमन आणि समुपदेशन चालू ठेवावे, फेरविचाराची तारीख ठरवावी आणि रुग्णाचे मत बदलल्यास रात्री-अपरात्रीही कोणत्या विभागात यायचे, हे तिला व कुटुंबाला लेखी द्यावे.