ल्युपस किती ॲक्टिव्ह आहे हे बघताना या चुका टाळा

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार. त्यात सगळ्यात कॉमन चूक, दर वेळी एएनए (ल्युपस ओळखायची रक्ततपासणी) परत करून घेणं. एएनए निदानासाठी असते, एकदा पॉझिटिव्ह आली की तिचं काम संपलं, नंतर आकडा वरखाली झाला म्हणून आजार वाढला-उतरला असं धरायचं नसतं. तेच पैसे सी३, सी४ (आजार भडकला की रक्तात बरेचदा कमी होणारी प्रथिनं), अँटी-डीएसडीएनए (डीएनएविरुद्धची अँटीबॉडी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लघवीच्या टेस्टला घाला.

आणि लघवीची टेस्ट तर प्लीज चुकवू नका! किडनीत ल्युपस शिरला तरी बरेचदा काही दुखत नाही, पेशंट म्हणतो मी ठीक आहे आणि आतून प्रोटीन जात असतं. स्लेडाय-२के स्कोअरमध्ये (ल्युपस किती ॲक्टिव्ह आहे ते डॉक्टर या पॉइंटांवर मोजतात) २४ तासांत अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त प्रोटीन गेलं तर ४ पॉइंट, आणि दोन-तीन सांधे सुजून दुखत असले तरी ४च. म्हणजे दोघांचा स्कोअर सारखा पण काळजी सारखी नाही, म्हणून नुसता टोटल विचारू नका, पॉइंट कशाचे ते विचारा. पाळीच्या दिवसांत सॅम्पल देऊ नका, रक्त दिसतं आणि उगाच घोळ होतो.

आता गोव्यातला पावसाळा. ताप आला, प्लेटलेट उतरल्या, पांढऱ्या पेशी कमी झाल्या की घरचे लगेच म्हणतात ल्युपस उसळला, पण डेंग्यूतही नेमकं हेच होतं, आणि शेतात पाण्यात उतरलेल्या माणसाला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारं इन्फेक्शन) झाला तर लघवीत प्रोटीनही दिसतं. स्कोअरमध्ये फक्त ल्युपसमुळे झालेलंच धरायचं असतं, त्यामुळे आधी इन्फेक्शन तपासा. ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या. ईएसआर वाढलाय पण सीआरपी फारसा नाही, असं ल्युपसमध्ये बरेचदा दिसतं, सीआरपी खूप चढला तर इन्फेक्शनचा संशय जास्त (छातीत पाणी झालं असेल तर मात्र ल्युपसमध्येही चढतो). स्वतःच्या मनाने स्टिरॉइड वाढवणं इथे खरंच जिवावर बेतू शकतं.

जुना डॅमेज म्हणजे ॲक्टिव्ह आजार नव्हे. बऱ्या झालेल्या चट्ट्याचा डाग कायम राहतो, त्याला पॉइंट नाहीत. स्कोअर साधारण मागच्या १० किंवा ३० दिवसांचा असतो, त्यामुळे बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) ओपीडीत नंबर येईपर्यंत रॅश गेली तर काय दाखवणार, म्हणून उठली त्याच दिवशी तारखेसकट फोटो काढून ठेवा.

शेवटचं, स्टिरॉइडच्या गोळीचा रोजचा डोस स्कोअरच्या बाजूलाच लिहा. प्रेडनिसोलोन २० मिग्रॅ चालू असताना आलेला शून्य आणि ५ मिग्रॅवरचा शून्य एक नाही, रेमिशन (आजार शांत झाला असं) म्हणायला डोस ५ मिग्रॅ किंवा त्याखाली लागतो.