गटारीआधी कोंबडा बाजूला काढा

आषाढ लागला की कल्याण-ठाण्याच्या गाड्या गावरान कोंबड्यांच्या शोधात मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर फिरू लागतात. भाव बरा मिळतो, म्हणून खुराड्यातला सर्वांत वजनदार कोंबडा आधी विकला जातो. मागे उरतो तो कुणी न घेतलेला किरकोळ, आणि पुढची पिल्ले त्याचीच. मग आपणच म्हणतो, गावरान जात बारीक झाली!

विका जरूर, पण आधी वजन करा. एकाच सुमारास फुटलेले नर तीन महिन्यांचे झाले की सकाळी दाणा टाकण्याआधी स्प्रिंगच्या काट्यावर तोला. मोठ्या वयाच्या कोंबड्याशी तुलना करू नका, फसाल. सरासरीपेक्षा 400 ग्रॅम जास्त भरलेला नर ठेवला तरी पिल्ले तेवढी वाढत नाहीत. वजनातला साधारण 30 टक्के फरक रक्तातून येतो असे धरा; त्यात बापाचा वाटा निम्मा. म्हणजे हाती सरासरी 60 ग्रॅम. थोडे वाटते, पण पिढीमागून पिढी ते साठत जाते. तलंगाही, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, अशाच निवडून ठेवल्या तर आणखी.

उघड्या मानेचा नर दिसायला बरा नाही म्हणून काढू नका. पिसे कमी असल्याने अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते, आणि आपल्या दमट उकाड्यात तो खाणे सोडत नाही. वनराजा या सुधारित कोंबडीची पहिली पिल्ले वजनाला चांगली. पण ती संकरित, घरच्या घरी पैदास केली तर पुढे तसे वजन टिकत नाही.

बाकीचा फरक पोटाचा आणि पावसाचा. पिल्लू अंड्याच्या वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश भरते, तेव्हा खुडूक कोंबडीखाली बारकी अंडी ठेवू नका. खुराड्यातले भाताचे तूस ओले झाले की रक्ती हगवण आलीच. रोज हलवा, भिजलेले काढून टाका. बुरशी आलेला मका देऊ नका. जंताचे औषध आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्या.

दीड-दोन वर्षांनी नर दुसऱ्या पाड्यावरून बदलून आणा, नाहीतर नात्यातल्या नात्यात पैदास होऊन वजन घसरते. आणलेला दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा. 2022 मध्ये शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू आला होता, ते विसरू नका.

निवडलेल्याच्या पायात लाल दोरी बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. गटारीला पाहुणे आले की पहिला हात त्याच्यावरच पडतो.