राइल्स ट्यूबमधून फीड कसं द्यावं

इंदूरमध्ये रामबागेतून येवो की राजवाड्याकडून, राइल्स ट्यूबवरच्या, म्हणजे नाकातून जठरात घातलेल्या नळीवरच्या रुग्णासाठी घरचा डबा बहुधा वरणावरच्या पाण्याचा नाहीतर साबुदाण्याच्या पेजेचा असतो. नातेवाईक मायेनं आणतात, पण त्यात प्रथिनं नावालाच. नुसत्या अशा पाण्यावर ठेवलेला रुग्ण खंगतो, पाठीच्या जखमा भरत नाहीत. म्हणून आधी हिशोब करा.

५० किलोच्या रुग्णाला दिवसाला साधारण १५०० कॅलरी आणि ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका फीडसाठी, म्हणजे एका वेळच्या पातळ आहारासाठी, १५० मिली दूध, भाजून दळलेली मूगडाळ २० ग्रॅम, साखर २ चमचे, तेल १ चमचा. पीठ आधी पाण्यात नीट शिजवा, मग बाकीचं घालून २५० मिली करा आणि बारीक गाळणीतून गाळा. गुठळी राहिली की नळी तुंबलीच. यात सुमारे २५० कॅलरी आणि जवळजवळ १० ग्रॅम प्रथिनं मिळतात. अशी सहा फीड. मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल तर प्रमाण डायटिशियन ठरवतील.

कूस बदलणं, पाठ पुसणं, चादर बदलणं फीडच्या आधीच उरका. हात धुवा. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचला.

आता सगळ्यात महत्त्वाचं: नळी जठरातच आहे ना? नाकपुडीपाशी केलेली खूण जागेवर आहे का पाहा, तोंड उघडून नळी घशात गुंडाळली नाही ना तेही पाहा. सिरिंजनं थोडा द्रव ओढून पीएच पट्टीवर (आम्लता दाखवणाऱ्या कागदी पट्टीवर) टाका, पीएच ५.५ किंवा कमी आला तर ठीक. ॲसिडिटीची औषधं चालू असतील तर तो जास्त येऊ शकतो, तेव्हा सिस्टरना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. हवा मारून स्टेथोस्कोपनं आवाज ऐकण्यावर विसंबू नका. नळी फुप्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो.

नळी चिमटीत धरून ५० मिलीची सिरिंज दट्ट्या काढून जोडा. आधी ३० मिली पाणी, मग कोमट फीड. सिरिंज पोटापासून वीतभर-दीडवीत उंच धरा; फीड आपल्या वजनानं उतरू द्या, दट्ट्यानं ढकलू नका. २५० मिलीला १५ ते २० मिनिटं लागली पाहिजेत. सिरिंज पूर्ण रिकामी होण्याआधीच पुढचं ओता, नाहीतर हवा जाऊन पोट फुगतं. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी, मग नळी बंद.

मध्येच ठसका लागला, धाप लागली किंवा ओठ निळे पडले तर त्याच क्षणी थांबा, नळी चिमटा आणि हाक मारा.

गोळ्या फीडमध्ये मिसळू नका. प्रत्येक वेगळी कुटून, पाण्यात विरघळवून द्या. पँटोप्राझोलसारखी आवरणाची गोळी कुटायचीच नाही. डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्या.

फीडनंतर निदान अर्धा ते एक तास रुग्णाला आडवं करू नका. तोंडानं काही जात नसलं तरी तोंडाची स्वच्छता रोज हवीच. चार्टवर २५० नव्हे, ३१० मिली लिहा. आधीचं आणि नंतरचं पाणीही आतच गेलेलं असतं.