कॅरिबियन लेखिकांच्या पहिल्या कादंबऱ्या : बेळगावात राहून दुर्मीळ आवृत्त्या कशा जमवाव्यात

कॅरिबियन प्रदेशातील लेखिकांच्या पहिल्या कादंबऱ्या जमवायच्या असतील, तर पैसे खर्च करण्याआधी एक वही घालावी आणि प्रत्येक कादंबरीपुढे ती प्रथम कोणत्या नावाने, कोणत्या प्रकाशकाकडून, कोणत्या साली आणि कोणत्या बांधणीत निघाली, हे नोंदवून ठेवावे. या संग्रहातली बहुतेक फसगत ही नोंद नसल्यामुळेच होते.

नावाचेच पाहा. डॉमिनिकात जन्मलेल्या जीन ऱ्हिस यांची पहिली कादंबरी आज ‘क्वार्टेट’ म्हणून ओळखली जाते. परंतु १९२८ साली लंडनच्या चॅटो अँड विंडसने ती ‘पोश्चर्स’ या नावाने काढली होती आणि ‘क्वार्टेट’ हे नाव तिला पुढच्या वर्षीच्या अमेरिकन आवृत्तीत मिळाले. त्यामुळे रूढ नावाने शोधणाऱ्याच्या हाती मूळ ब्रिटिश प्रत लागतच नाही.

बांधणीच्या बाबतीत आपला एक समज सोडावा लागतो. पहिली आवृत्ती म्हणजे कापडी पुठ्ठ्याची, हे सिल्व्हिया विंटर यांच्या ‘द हिल्स ऑफ हेब्रन’ (जोनाथन केप, १९६२) या कादंबरीला लागू पडते. पण ग्वादलूपच्या मारिझ कोंदे यांची ‘हेरेमाखोनोन’ १९७६ साली पॅरिसमध्ये खिशात मावेल अशा स्वस्त मालिकेतच निघाली. बेलिझच्या झी एजेल यांची ‘बेका लॅम’देखील १९८२ साली हाइनमानच्या कॅरिबियन रायटर्स मालिकेत कागदी बांधणीत आली. ग्वाटेमाला ज्या भूमीवर हक्क सांगत आला, त्या देशाला १९८१ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यानंतर वर्षभरातच आलेली ही कादंबरी आपल्या सीमाभागातल्या वाचकाने संग्रहासाठी नव्हे, तरी वाचण्यासाठी अवश्य मिळवावी. माझी प्रत धारवाडला रद्दीच्या ढिगात सापडली. अशी पुस्तके हाताळून झिजतात आणि निरुपयोगी समजून टाकली जातात, म्हणूनच धड अवस्थेतली प्रत दुर्मीळ ठरते.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला. मर्ल हॉज यांची ‘क्रिक क्रॅक, मंकी’ १९७० साली आंद्रे डॉइच यांनी काढली आणि १९८१ साली ती हाइनमानच्या मालिकेत आली. पुनर्मुद्रणातही मूळ प्रकाशनाचे साल छापलेले असते, त्यामुळे नुसते १९७० दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. त्याखालच्या ओळी आणि मुखपृष्ठावरचे प्रकाशकाचे नाव जुळते का, ते पाहावे. मी एका विक्रेत्याकडून केवळ मुखपृष्ठाचे छायाचित्र पाहून अशीच एक ‘पहिली आवृत्ती’ मागवली आणि पुडके उघडल्यावर त्या पानावर तिसऱ्या मुद्रणाची ओळ निघाली. तेव्हापासून त्या पानाचे, कण्याचे आणि पुस्तकावरच्या सुट्या कागदी वेष्टणाच्या आतल्या घडीचे छायाचित्र आल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही. त्या घडीवरची किंमत कापलेली असेल किंवा ग्रंथालयाचा शिक्का असेल, तर प्रतीचे मोल उतरते. मात्र फिलिस शँड ऑलफ्री यांच्या ‘द ऑर्किड हाउस’ची १९५३ सालची कॉन्स्टेबल आवृत्ती शिक्क्यासह जरी मिळाली, तरी मी ती सोडणार नाही.

शोधासाठी बेळगावचे स्थान गैरसोयीचे नाही. पुण्याचा अप्पा बळवंत चौक आणि बेंगळुरूचा चर्च स्ट्रीट दोन्हीकडे रात्रीच्या गाडीने जाऊन येता येते. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि आयातशुल्क आधीच हिशेबात धरावे, आणि शक्यतो पुडके पावसाळ्यात येणार नाही, असे पाहावे.

कारण आपल्याकडचा पाऊस हा पुस्तकांचा मोठा शत्रू आहे. खानापूरकडच्या कौलारू घरांत आषाढ-श्रावणात भिंती ओल धरतात, कागदी बांधणीचा डिंक सुटतो आणि पानांवर तपकिरी ठिपके उमटतात. म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, खालचा कप्पा रिकामा ठेवावा, आणि पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडण्याऐवजी पोथीप्रमाणे धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळावीत. कसर लागू नये म्हणून कपाटात वेखंडाची पुरचुंडी ठेवावी. ती कागदाला थेट टेकू देऊ नये. दसऱ्याच्या सुमारास उघडीप मिळाली की पुस्तके सावलीत, वाऱ्यावर उघडून ठेवावीत; उन्हात ठेवल्यास कण्याचा रंग एका दुपारीत उडू लागतो. फाटलेल्या वेष्टणाला चिकटपट्टी लावू नये, आणि कुठून, कधी, कितीला घेतले याची नोंद पुस्तकावर न करता त्या पहिल्या वहीतच करावी.